लीजवर नवी कोरी की सेकंड हँड जर्मन? आमच्या घरातल्या दोन गाड्यांचा हिशोब

(एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. आकडे कानाने ऐकताना निसटतात अशी तक्रार होती, म्हणून ते इथे नीट मांडलेत.)

गेल्या आठवड्यात नाशिकहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, आमच्या ऑफिसात कार लीजची स्कीम आलीय. महिन्याला पस्तीस हजार कापणार आणि नवी कोरी एसयूव्ही दारात. आणि इकडे मुंबईत एक जण सहा वर्षांची मर्सिडीज सोळा लाखांना देतोय. बायको म्हणते लीज घे, मित्र म्हणतात मर्सिडीज घे. तू सांग."

बरं झालं मलाच विचारलंस. कारण आमच्या घरात हे दोन्ही प्रयोग झालेत. लीजवाला मी. सेकंड हँड जर्मनवाला माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. गडहिंग्लजला त्याचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. २०२३ च्या दिवाळीत दोन्ही गाड्या वाड्यासमोर शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि अख्खी गल्ली अण्णाच्याच गाडीभोवती. माझ्या नव्या गाडीला कुणी हातसुद्धा लावला नाही. दीड वर्षाने आम्ही दोघंही त्याच ओट्यावर बसून कागद-पेन घेऊन हिशोब करत होतो आणि दोघांचेही चेहरे बघण्यासारखे होते.

आधी अण्णाची गोष्ट.

जून २०२२ मध्ये आम्ही दोघं दिल्लीला गेलो. दिल्लीलाच का, तर तिथे डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा होती. एनजीटीने २०१५ मध्ये आदेश दिला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. नंतर त्यात फेरबदल झाले, पण आम्ही गेलो तेव्हा धाक पक्का होता. त्यामुळे सात वर्षांची डिझेल गाडी तिथल्या मालकाला तीन वर्षांचीच सोबतीण वाटायची आणि तीच गाडी आपल्याकडे आणली की नोंदणीची पंधरा वर्षं पूर्ण वापरता यायची. म्हणून तिकडे स्वस्त.

करोल बागेत पहिली गाडी बघितली ती मीटरवर ७८,००० किलोमीटर दाखवत होती. रंग चकाचक, सीट मऊ. अण्णा तर आत बसून डोळे मिटून घेतलेला. मी एवढंच केलं की चेसिस नंबर लिहून घेतला आणि त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन शेवटच्या सर्व्हिसची नोंद विचारली. दोन वर्षांपूर्वीची नोंद होती, १,१२,००० किलोमीटरची. गाडी मागे चालली असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी मिळाली. २०१५ ची, पहिला मालक, सर्व्हिसचे सगळे कागद जागेवर. नवी असताना साठ लाखांच्या घरातली, आम्हाला चौदा लाखांना. एनओसी, महाराष्ट्रात नव्याने भरलेला कर, एजंट, गाडी आणण्याचा खर्च धरून आणखी एक लाख दहा हजार. एमएच ०९ ची पाटी लागली तेव्हा अण्णाने गल्लीत पेढे वाटले.

सव्वा वर्ष सुखात गेलं. खरंच सांगतो, ती गाडी हायवेला लागली की बोलावंसंच वाटायचं नाही, इतकी शांत. आणि मग दिवाळीनंतर महिनाभराने सकाळी सहाला अण्णाचा फोन. "बाळ्या, गाडी बसलीया रं."

मला वाटलं बॅटरी. नाही. गाडी खरोखरच बसली होती, एका बाजूने. म्हैस पुढचे पाय दुमडून बसते ना, तशी. एअर सस्पेन्शन गेलं होतं. साध्या गाडीत चाकावर लोखंडी स्प्रिंग असते. या गाडीत रबरी फुगा असतो आणि एक छोटा कंप्रेसर त्यात हवा भरत राहतो. वय झालं की रबराला चिरा जातात, हवा हळूहळू सुटते, मग कंप्रेसर दिवसरात्र राबतो आणि तोही जळतो. म्हणजे एकाची चूक, दोघांचं मरण. गडहिंग्लजला त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठलं असायला, गाडी फ्लॅटबेडवर घालून न्यावी लागली. पुढचे दोन स्ट्रट, कंप्रेसर, मजुरी, वाहतूक मिळून बिल झालं एक लाख नव्वद हजार.

या बिलातच सेकंड हँड लक्झरीचं सगळं गणित आहे. सात वर्षांत गाडीची किंमत साठ लाखांवरून चौदावर आली. सस्पेन्शनच्या पार्टची किंमत किती उतरली? एक रुपयाही नाही. पार्टला माहीतच नसतं की तो जुन्या गाडीत बसतोय. तुम्ही विकत घेताना चौदा लाखांची गाडी घेता, सांभाळताना साठ लाखांची सांभाळता. मर्सिडीज आपल्या चाकणला जुळते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईला, म्हणून पार्ट स्वस्त असतील असं वाटतं. पण इथे जुळणी होते. सुट्या भागांतले बरेचसे बाहेरूनच येतात.

तर किंमत एवढी पडते का? गाडी वाईट असते म्हणून नाही. पहिल्या मालकाला वॉरंटी संपायच्या आत सुटायचं असतं आणि दुसऱ्या मालकाला तिचं बिल झेपणार नाही हे बाजाराला माहीत असतं. स्वस्त किमतीत पुढच्या बिलाची भीती आधीच वजा केलेली असते. आपण ती भीती विसरून फक्त सूट बघतो.

विम्याचंही तसंच. आयडीव्ही म्हणजे विमा कंपनी मानते ती गाडीची किंमत. ती दरवर्षी खाली येते: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षात १५, मग २०, ३०, ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा. पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायची. गंमत पुढे आहे. जुन्या गाडीला झिरो डेप कव्हर मिळणं कठीण होत जातं आणि ते नसेल तर क्लेममध्ये प्लॅस्टिक-रबराच्या पार्टचे निम्मे पैसे तुमचे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीत धातूच्या पार्टवरही ४० टक्के कापतात. लक्झरी गाडीचा बंपर म्हणजे प्लॅस्टिकच, आणि आत सेन्सर. कुणीतरी पार्किंगमध्ये हलकेच टेकवलं तरी खिसा मोकळा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. घसरलेली आयडीव्ही आणि न घसरलेले पार्ट, म्हटल्यावर तो आकडा गाठायला मोठा अपघात लागत नाही.

आणखी एक, बरेच जण यात फसतात. विक्रेता म्हणतो, "विम्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस आहे, तुम्हाला फायदाच." नाही हो. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी नावावर झाली की तो तुमचा राहत नाही. विमा स्वतःच्या नावावर करायला चौदा दिवस असतात, तेवढ्यात करून टाका.

आता माझी गोष्ट. यात गल्ली जमलेली नाही, कागद जमलेत.

एप्रिल २०२३ मध्ये मी हिंजवडीतल्या कंपनीत होतो. कंपनीने लीज देणाऱ्या एका संस्थेशी करार केला होता. मी शोरूमच्या किमतीने तेरा लाखांची पेट्रोल गाडी निवडली. ४८ महिने, महिन्याला ३४,००० रुपये, त्यात विमा, सर्व्हिस, रोड टॅक्स सगळं आलं. लीज म्हणजे काय, तर तुम्ही गाडी घेत नाही, गाडीचं झिजणं विकत घेता. चार वर्षांनी ही गाडी कितीला जाईल हे ते लोक आधीच ठरवतात, त्याला रेसिड्युअल व्हॅल्यू म्हणतात. आजची किंमत वजा ती किंमत, त्यावर व्याज, वर विमा-सर्व्हिस-कर-जीएसटी आणि त्यांचा नफा. भागिले ४८. बास.

मग एवढं महाग कशाला घ्यायचं? कर वाचतो म्हणून. भाडं पगारातून कर लागायच्या आधी कापलं जातं. गाडी थोडी ऑफिसच्या आणि थोडी घरच्या कामाला वापरली तर तुमच्या उत्पन्नात गाडीच्या सुखाचे म्हणून फक्त ठरावीक रुपये धरतात. मी करार केला तेव्हा १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० आणि त्यावरच्याला २,४०० असा आकडा होता, ड्रायव्हर असेल तर ९०० वेगळे. तुम्ही तुमच्या वर्षाचा आकडा पगार बघणाऱ्या माणसाकडून घ्या. माझं गणित असं: वर्षाचं भाडं ४,०८,०००. त्यातून २१,६०० वजा, राहिले ३,८६,४००. माझा वरचा टप्पा ३० टक्क्यांचा, सेस धरून ३१.२. म्हणजे वर्षाला साधारण १,२०,००० कर वाचला, महिन्याला दहा हजार. खिशातून खरे गेले चोवीस हजार. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात नसाल तर हा फायदा झपाट्याने बारीक होतो. आणि गाडी ऑफिसच्या कामाला कधी हललीच नाही, निव्वळ घरच्या वापराची निघाली, तर ही सवलत नाही, सगळा खर्च तुमच्या उत्पन्नात धरतात.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती नंतर आरसी बघताना कळली. आरसीवर मालक म्हणून लीज संस्थेचं नाव. महाराष्ट्रात पेट्रोल गाडी माणसाच्या नावावर असेल तर एकरकमी कर किमतीप्रमाणे ११, १२ किंवा १३ टक्के. कंपनीच्या नावावर असेल तर सरसकट २० टक्के. तेरा लाखांच्या गाडीला १२ टक्क्यांनी १,५६,००० झाले असते, २० टक्क्यांनी २,६०,००० झाले. हा एक लाख चार हजारांचा फरक संस्था थोडीच भरणार? तो माझ्याच भाड्यात, महिन्याला दोन हजारांहून जास्त. म्हणून कोटेशन मागताना पहिला प्रश्न: आरसी कुणाच्या नावावर?

तरीसुद्धा सांगतो, बावीस महिने मी राजा होतो. सर्व्हिसला फोन करायचा, माणूस येऊन गाडी न्यायचा. टायर फुटला, त्यांनी बघितलं. दर महिन्याला बाबांना गडहिंग्लजहून पुण्याला तपासणीला आणायचं असायचं, त्या गाडीने एकदाही वाटेत थांबवलं नाही. अण्णा मात्र गाडी सुरू करताना आधी डॅशबोर्डवर कुठला दिवा लागतो ते बघायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचा.

फेब्रुवारी २०२५. दुपारी चारला कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली. त्याच दिवशी आमच्या टीममधले अकरा जण कमी केले, त्यात मी. घरी येऊन सगळ्यात आधी काय आठवलं असेल? पगार नाही, गृहकर्ज नाही. खाली पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी. कारण ती माझी नव्हतीच. करार माझ्या कंपनीचा होता आणि मी कंपनीचा राहिलो नव्हतो.

आठवड्याने मेल आला. तीन वाटा होत्या. नवी नोकरी जिथे लागेल त्या कंपनीचा त्याच संस्थेशी करार असेल तर लीज तिकडे वळवा. नाहीतर उरलेली सगळी रक्कम भरून गाडी विकत घ्या. नाहीतर चार महिन्यांचं भाडं दंड म्हणून भरा आणि गाडी परत करा. नोकरीच नव्हती म्हणून पहिली वाट बंद. दुसरीला एकदम एवढे पैसे कुठून आणू? मी १,३६,००० रुपये भरून गाडी दिली. आणि ते पैसे करानंतरचे, कारण वाचवायला आता करच उरला नव्हता. गाडी न्यायला आलेल्या मुलाने दारावरचे ओरखडे मोबाइलच्या टॉर्चने मोजले. पुढच्या महिन्यात बाबांना अण्णाच्या गाडीने आणलं. ती जर्मन गाडी तोवर उठून उभी राहिली होती.

हे कलम करारात होतं बरं का. पान अकरावर. मी सही पान चौदावर केली होती.

आता ओट्यावरचा हिशोब. अण्णाचे तीन वर्षांत गाडी आणि नोंदणीचे १५.१ लाख, विम्याचे दीड, सर्व्हिस-टायर-सस्पेन्शन मिळून ४.२. एकूण २०.८. गाडीला तेव्हा आठ लाखांचं गिऱ्हाईक होतं. म्हणजे गेले १२.८ लाख, भागिले ३६, महिन्याला साधारण ३५,५००. डिझेल वेगळं. माझे बावीस महिन्यांचे चोवीस हजारांनी ५.२८ लाख, अधिक दंड, एकूण ६.६४ लाख. महिन्याला ३०,२००. पेट्रोल वेगळं.

बघितलंत? एक चकचकीत जर्मन आणि एक साधी नवी गाडी, महिन्याला फरक पाच हजारांचा. सस्पेन्शन गेलं नसतं तर अण्णा तीस हजारांवर आला असता. नोकरी टिकली असती तर मी चोवीसवर राहिलो असतो. म्हणजे महिन्याचा हप्ता बघून निर्णय घेणं हेच मुळात चुकीचं. निर्णय या प्रश्नावर घ्यायचा की वाईट दिवस आला तर तो कुठून येणार आणि त्या दिवशी तुमच्या हातात काय असणार. अण्णाचा वाईट दिवस गाडीतून आला. बिल मोठं होतं, पण दुकान चालू होतं, गल्ल्यातून निघालं. शिवाय गाडी शेवटी त्याची. उद्या विकली तर आठ लाख येतात. माझा वाईट दिवस नोकरीतून आला, आणि लीजची गोम तिथेच आहे: पगार आणि गाडी एकाच दिवशी जातात.

लीजच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र कबूल करायला हवी. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. मोठ्या गाड्यांवर २८ टक्के आणि वर सेस मिळून काहींना ५० टक्क्यांपर्यंत कर होता, तो सरसकट ४० झाला, छोट्या गाड्यांचा १८. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुनीची किंमत आपसूक खाली येते. अण्णाने नंतर पुन्हा विचारलं तर तेच गिऱ्हाईक साडेसातवर आलेलं. लीजवाल्याला या घसरणीशी देणंघेणं नाही, गाडी कितीला जाईल ही डोकेदुखी संस्थेची. भविष्यातल्या किमतीची जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असेल तर लीजसारखं दुसरं काही नाही.

जाता जाता, जुनी बघायला जाणाऱ्यांसाठी. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कितवा मालक आणि बँकेचा बोजा आहे का ते बघा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चाळीस हजार चाललेल्या गाडीला तिसरे टायर असतील तर काय ते समजा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात उभी होती. २०१९ आणि २०२१ नंतर आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. बीएस ६ डिझेल असेल आणि तुमचं चालवणं शहरातल्या शहरातच असेल तर सरळ सोडून द्या, तिचा धूर गाळणारा फिल्टर लांब पल्ल्याशिवाय नीट साफ होत नाही. आणि संध्याकाळी गाडी जिथे उभी आहे तिथेच सकाळी पुन्हा बघायला जा, रात्रभर कुठल्या कोपऱ्यावर बसली का ते. हे अण्णाने घातलेलं कलम आहे.

तर नाशिकच्या मित्रा, तुला माझं उत्तर असं. मर्सिडीज घ्यायची असेल तर सोळा लाख देऊन झाल्यावर बाजूला निदान चार लाख रोख उरतात का ते बघ. कर्ज काढून घेणार असशील तर नको. आणि लीज घ्यायची असेल तर नोकरी गेल्यावर सहा महिने घर चालेल एवढे पैसे आहेत का, आणि नोकरी सोडल्यावर गाडीचं काय होतं ते कलम काय म्हणतं, हे दोन्ही बघ. तुला म्हटलं होतं त्या पानाचा फोटो काढून पाठव, मी वाचून सांगतो. तू एसयूव्हीच्या रंगाचे तीन फोटो पाठवलेस. ते पान अजून आलेलं नाही.